ओल्या गोणपाटाखाली

पिंड एकच झाला.

सुंदराबाईंनी भात दोन पिंडांपुरता शिजवला होता. भटजींनी पातेल्यात पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, लग्न झालेल्या मुलीचं गोत्र वेगळं. तिचं वर्षश्राद्ध तिच्या सासरी. शिवाय तिची तिथी दशमी. आज षष्ठी."

सुंदराबाईंनी मान हलवली. उरलेल्या भातावर ताटली झाकली आणि पातेले चुलीमागे सरकवले. त्यानंतर त्या कोणाशी बोलल्या नाहीत. वर्षभर त्या फारशा बोलतच नव्हत्या, त्यामुळे घरात कोणाला काही वेगळे वाटले नाही.

सुनेला वाटले. मीनाक्षी पाच वर्षांपूर्वी ठाकूरद्वारहून परळच्या या चाळीत आली होती आणि सासूच्या गप्प बसण्याचे प्रकार तिला एव्हाना ओळखता येत होते. हा प्रकार नवा होता. दशमीला प्रभादेवीला, मुलीच्या सासरी, काहीही होणार नव्हते, हे तिला माहीत होते. शांताच्या नवऱ्याने वैशाखातच दुसरे लग्न केले होते. नव्या सुनेची पहिली संक्रांत जवळ आली होती आणि त्या घरात सध्या हलव्याचे दागिने करायला घेतले होते.

गेल्या वर्षी अठरा जानेवारीला सुंदराबाईंचा धाकटा मुलगा भिवा गोळीबारात गेला. चार दिवसांनी त्याची बहीण शांता गेली. तिचे मूल आधीच गेले होते. भिवाचे नाव दोन वर्तमानपत्रांत छापून आले. शांताचे नाव महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदवहीत गेले. या वर्षी तिथी लवकर पडली, त्यामुळे भिवाचे श्राद्ध आज आणि तारखेने वर्ष भरायला अजून अकरा दिवस. अठरा तारीख गल्लीतल्या मंडळाची होती. चौकात भिवाचा पुतळा बसायचा होता, आणि निवडणूक तोंडावर असल्यामुळे मराठी राज्यासाठी लढणाऱ्या समितीची मोठी माणसे येणार होती.

पंक्तीला चौघेच होते. सुंदराबाईंचे यजमान, मूर्तिकार कोंडीराम मेस्त्री, त्यांचा थोरला मुलगा, मीनाक्षीचा नवरा लवू, भटजी, आणि कुडाळहून बोटीने आलेली कोंडीरामांची मोठी बहीण गंगुबाई, जिला वयामुळे पुरुषांच्या पंगतीत बसायची मुभा होती आणि ती ती सोडत नसे.

"सांबाऱ्याक मीठ कमी," गंगुबाई म्हणाली. "भिवाक असला अळणी चालला नसता. ताट सरकवन उठलो असतो."

"वाढू का मीठ, आत्या?" मीनाक्षीने विचारले.

"आता वाढून काय करतलंस? भिवाचा पान कावळ्याक वाडीत गेला." ती भावाकडे वळली. "कोंड्या, तू काय खातस की बोटा फिरवतस?"

कोंडीराम खात नव्हते. त्यांच्या नखांत राखाडी माती होती, श्राद्धाच्या दिवशीही. सकाळी आंघोळीच्या आधी ते खाली शेडमध्ये जाऊन आले होते.

"तात्या," लवू पानावरून न बघता म्हणाला, "कमलाकांत तीनला येतायत. मूर्ती बघायला. आता अकराच दिवस राहिले."

"साच्याक दोन दिवस," कोंडीराम म्हणाले. "शिमिट भरलं की आठ दिवस ओला ठेवूक व्हया."

"म्हणजे आजच ठरायला हवं."

"बघूंदे. येवंदे त्येंका."

तीन महिने त्यांनी मूर्ती कोणाला दाखवली नव्हती. मातीवर ओले गोणपाट असे आणि शेडची किल्ली त्यांच्या जानव्याला. लवूने एकदा फटीतून पाहिले होते. त्याला फक्त गोणपाट दिसले. ते नेहमीच्या अर्धपुतळ्याला लागते त्यापेक्षा बरेच रुंद होते. त्या वेळी त्याने मनाशी म्हटले, तात्या भिवाच्या हातात झेंडा देत असतील.

*

कमलाकांत तीनला पाच मिनिटे कमी असताना आला. तो मीनाक्षीचा मोठा भाऊ. दिवसा एका छापखान्यात मुद्रिते तपासायचा, संध्याकाळी समितीचे काम करायचा. बोलताना तो शब्द मोजून बोले आणि ऐकताना समोरच्याचे शब्दही मोजत असावा असे लवूला नेहमी वाटे. त्याने भिवाच्या फोटोला हात जोडले, सुंदराबाईंना वाकून नमस्कार केला, चहा नको म्हणाला.

"दादा, घे की अर्धा कप," मीनाक्षी म्हणाली.

"आधी काम. मग घेतो."

शेडकडे जाताना लवू मागे राहिला. जिन्याच्या वळणावर भिंतीला दोन पत्रके चिकटवलेली होती, एकावर एक. वरच्यावर भिवाचे नाव होते. तो मजकूर लवूला पाठ होता. 'मोर्चाच्या अग्रभागी असताना.' हे शब्द त्याचे होते. गेल्या जानेवारीत संचारबंदीत तो ठाकूरद्वारला कमलाकांतच्या घरी अडकला होता. चौथ्या दिवशी कोणीतरी परळहून बातमी आणली. कमलाकांतने वही काढून विचारले होते, "भिवा मोर्चात होता ना?" आणि लवू म्हणाला होता, "पुढेच होता." तो स्वतः तिथे नव्हता. भिवा कुठे होता ते त्याला घरी परतल्यावर कळले, आणि तोपर्यंत पत्रक छापून झाले होते.

जानेवारीत शेड रिकामीच असते. गणपतीचे साचे भिंतीला टेकवून ठेवलेले, रंगाचे डबे उलटे घातलेले. मागच्या फळीवर पाच-सहा पाट पडून होते. कोणाचे घर बदलले, कोणी गावाला गेले, पाट न्यायला आले नाही. लालबाग-परळच्या घरांतून आषाढात कोंडीरामांकडे पाट येत. पाटावर एक सुपारी असे. कोंडीराम पाट उलटा करून खडू घेत आणि दोनच प्रश्न विचारीत. नाव काय, आणि न्यायला कोण येणार. मग ज्या क्रमाने पाट आले त्या क्रमाने मूर्ती होत. सुपारीसकट आलेला पाट परत पाठवायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. प्लेगच्या वर्षी एका बिऱ्हाडातली सगळी माणसे गेली होती, तरी वडिलांनी मूर्ती पुरी केली आणि चतुर्थीला कुलूप लावलेल्या दारासमोर नेऊन ठेवली.

आश्विनात लवू मंडळाचे पत्र घेऊन आला तेव्हाही कोंडीरामांनी सवयीने विचारले होते, "पाट खंय?" लवू हसला होता. "तात्या, हा चौकातला पुतळा. त्याला पाट कसला?" त्यांनी पत्र घडी करून साच्यामागे खोचले. ते अजून तिथेच होते.

कोंडीरामांनी गोणपाट उचलले.

गंगुबाई काठी टेकत मागून आली, तिने पदर डोक्यावर ओढला.

साडेचार फूट उंचीची मूर्ती होती आणि तो भिवाचा पुतळा नव्हता. मध्ये एक देव उभा होता, खांबासारखा सरळ, छातीपर्यंत पुरा झालेला. त्याचे तोंड गुळगुळीत होते. नाक, ओठ, डोळे काहीही नाही. त्याच्या उजव्या खांद्यातून भिवा निघत होता. कमरेपर्यंत बाहेर आलेला, एक पाय उचललेला, मान किंचित मागे वळवलेली, कोणीतरी घरातून हाक मारल्यासारखी. डाव्या खांद्यातून शांता निघत होती. ती बसलेली होती. पाठ भिंतीला टेकल्यासारखी देवाला टेकलेली, डोळे मिटलेले, एक हात पोटावर. खाली तिघांचा पाया एकच होता.

"हे बारादेवीचं आहे," कमलाकांत हळू म्हणाला. "ती शिळा."

परळच्या बारादेवीच्या देवळातली शिळा या भागात सगळ्यांच्या पाहण्यातली. एका शिवातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, बाजूंनी आणखी चार, असे सात देव एकाच दगडातून निघालेले. काम अर्धवट सोडलेले. पंचवीस वर्षांपूर्वी रस्ता खोदताना ती वर आली, तेव्हा दोर ओढणाऱ्यांत पस्तिशीतले कोंडीराम होते. तेव्हापासून दर सोमवारी ते जाऊन तिच्यासमोर उभे राहत.

"त्यात सगळ्यांचा तोंड एकच," कोंडीराम म्हणाले. ते बाहेरच्या माणसांशी बोलताना निम्मी मालवणी सोडून देत. "सात देव आणि तोंड एक. मी पुष्कळ बघितलं. नेणारा कोण आणि सोडवणारा कोण, ते तोंडावरून कळत नाही. जुन्या माणसाने तसं केलं, त्याला तसं दिसलं असेल. माझ्या घरात मरण दोन तऱ्हेने आलं. एक रस्त्यावर आलं, माणसांदेखत. त्याच्यामागे लोक चालले, फुलं पडली. दुसरं पडद्यामागे आलं, चार दिवस बसून राहिलं. त्याला बघायला एक मीनाक्षी आणि तिची सासू." त्यांनी मधल्या देवाकडे पाहिले. "देव तोच असणार. दोन देव कुठून आणू? म्हणून असं केलं."

"मधल्याला तोंड नाही," लवू म्हणाला.

"डोळे भिवा आखायचा," कोंडीराम म्हणाले. "माझा हात आता हलतो."

कमलाकांतने मूर्तीभोवती एक फेरी मारली. मुद्रितातली चूक शोधावी तसा तो जवळ जाऊन पाहत होता. "तात्या, काम मोठं आहे. मी असं पाहिलेलं नाही. पण चौकात लोक विचारतील, ही बाई कोण."

"माझी मुलगी."

"ते आपल्याला ठाऊक. लोकांना भिवा ठाऊक आहे. भिवाच्या पुतळ्यासाठी घरोघर जाऊन आलेत ही माणसं." त्याने शांताच्या मूर्तीकडे बोट केले. "एक करता येईल. काही मोडायचं नाही. हिच्या डोक्याला मुकुट करा, पोटावरचा हात उचलून हातात मशाल द्या. महाराष्ट्रमाता. मुलगा आईतून निघतोय, असं होईल. अर्थ बसतो."

लवूने श्वास सोडला. "तात्या, हे चांगलं आहे. हे होईल. एका दिवसात होईल."

"शोभात," गंगुबाई म्हणाली. "मेल्या माणसाचो मुखडो देवाक लावूचो न्हय, माका तर तसाच वाटता. माता म्हटल्यार कोण बोलूचा नाय."

कोंडीराम शांताच्या पोटावरच्या हाताकडे बघत उभे राहिले.

*

मीनाक्षी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ऐकले होते. ट्रे तिने रंगाच्या पिंपावर ठेवला.

"मशाल नको," ती म्हणाली.

"मीने, तू यात—" कमलाकांत म्हणाला.

"दादा, तुला माहीत नाही म्हणून सांगते. भिवा मोर्चात नव्हता."

लवू म्हणाला, "मीनाक्षी."

"नव्हता. तो वर घरात होता. शांताला दुपारी कळा सुरू झाल्या. संध्याकाळी पाणी गेलं, सासूबाई म्हणाल्या मूल आडवं आहे, नर्सबाईला आणा. बाहेर गोळीबार चालला होता. मामंजी निघाले तर भिवाने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणाला, तुम्हाला पळता येत नाही. चप्पल घालत होता तेव्हा शांताने आतून हाक मारली, भिवा, जाऊ नको रे. त्याने मान वळवली आणि म्हणाला, आलोच." तिने मूर्तीकडे बोट दाखवले नाही, गरज नव्हती. "नर्सबाई दोन गल्ल्या पलीकडे राहते. तो एक गल्ली गेला. तिसऱ्या दिवशी रस्ता उघडला तेव्हा ती आली. तोवर मूल गेलं होतं. शांता चौथ्या दिवशी. ताप चढला होता, ती सारखी विचारत होती भिवा आला का. सासूबाई म्हणायच्या, येतोय."

कमलाकांतने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो लवूकडे वळला नाही. वळला असता तर लवूला बरे वाटले असते.

"मी छापलं ते," तो म्हणाला. "माझ्या हाताने तपासलं."

"तुला कसं कळणार?"

"विचारायला हवं होतं. दोन माणसांना विचारायचं असतं." मग तो त्याच आवाजात बोलला. "आणि तरी मी म्हणेन, तो हुतात्माच. गोळीने त्याला विचारलं नाही कुठे निघालास. पण हे भाषणात सांगता येत नाही, मीने. सहा आठवड्यांनी निवडणूक आहे. आज आपणच म्हटलं की एक नाव चुकलं, तर उद्या समोरचे म्हणतील सगळीच चुकली. बाकीच्या हुतात्म्यांच्या आया आहेत ना."

ते खरे होते.

लवू आता मोठ्याने बोलू लागला. "माझ्याकडे सगळे असे बघू नका. मी नव्हतो इथे, मला माहीत आहे मी नव्हतो. माझं काम होतं ते. नर्सला आणायचं काम थोरल्याचं. तो माझ्या जागी गेला. मग त्याचा एक पुतळा उभा करतोय मी, एक, तर तोही मला—" त्याने वाक्य सोडले. "तात्या, ती बाजू काढा. माता नको, काही नको. भिवाला एकट्याला राहू द्या. शांताचं आपण घरात करू, लहान, फोटोएवढं. पण चौकात भिवा. मी लोकांना शब्द दिलाय."

"लवू," मीनाक्षी म्हणाली.

"तू वर जा."

ती गेली. जाताना तिने ट्रे नेला नाही.

कोंडीरामांनी मुलाकडे पाहिले. लवू तेहेतीस वर्षांचा होता आणि या एका वर्षात त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. दोन मुलांपैकी हा राहिला होता. त्यांनी खिळ्यावरची तार काढली, माती कापायची, दोन टोकांना लाकडी मुठी असलेली.

"काढतो," ते म्हणाले.

त्यांनी तार शांताच्या पाठीमागून घातली, जिथे तिची पाठ देवाला टेकली होती तिथे, आणि दोन्ही मुठी स्वतःकडे ओढायला सुरुवात केली. ओली माती आवाज न करता कापली जाते. तार खांद्यातून खाली उतरली, दंडापर्यंत आली आणि थांबली. आत लाकडाची पट्टी होती. तिला काथ्याने गुंडाळून त्यावर माती चढवलेली होती. ही पट्टी आपणच घातली हे कोंडीराम विसरले होते. करवत घ्यावी लागणार होती. ते तार तशीच ठेवून उभे राहिले. शांता थोडी पुढे कलली होती.

*

वर सुंदराबाई चुलीशी बसल्या होत्या. मीनाक्षीने त्यांना सांगितले. खाली काय आहे, कोण कोण आहे, लवू काय म्हणाला. सुंदराबाई वर्षभर शेडमध्ये गेल्या नव्हत्या. नवरा तिथे काय करतो हे त्यांनी विचारले नव्हते आणि त्यानेही सांगितले नव्हते. दोघे एकाच खोलीत राहत, एकाच तांब्यातले पाणी पीत आणि आपापल्या मेलेल्यांपाशी बसून असत. तो शेडमध्ये, त्या चुलीशी. नवऱ्याने शांताला घडवली आहे हे त्यांना आज, सुनेच्या तोंडून कळले.

"कशी असा?" त्यांनी विचारले.

"बसलेली. डोळे मिटलेत."

"आणि हात?"

"पोटावर."

सुंदराबाई उठल्या. माळ्यावरून त्यांनी एक पाट काढायला सांगितला. शांताला हळद लावली होती तो पाट. फळीच्या चिरेत अजून पिवळे होते. पदराने त्यांनी तो पुसला. डब्यातून एक सुपारी घेतली.

"मी धरते," मीनाक्षी म्हणाली.

"नको. पाट घरच्या बायेन न्हेवचो असता."

चाळीच्या जिन्यावरून त्या एकट्या उतरल्या, पाट छातीशी धरून, सुपारी त्यावर अंगठ्याने दाबून. मीनाक्षी चार पायऱ्या मागे होती. नळावरच्या बायका बाजूला झाल्या. पौषात पाट घेऊन मेस्त्रींच्या शेडकडे कोणी जात नाही, आणि मेस्त्रींची बायको तर कधीच नाही.

कोंडीराम करवत शोधत होते. पावलांचा आवाज ऐकून वळले. सुंदराबाई उंबऱ्याच्या आत आल्या, मूर्तीकडे एकदा पाहिले. आधी उजवीकडे, मग डावीकडे. खांद्यातल्या तारेकडे त्यांनी जास्त वेळ पाहिले. मग वाकून पाट नवऱ्यासमोर ठेवला आणि दोन पावले मागे सरकून गिऱ्हाईक उभे राहते तशा उभ्या राहिल्या.

"आये, हे काय?" लवू म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

कोंडीरामांनी करवतीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. खाली बसले. सुपारी उचलून कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. पाट उलटा केला. खडू कुठे आहे ते त्यांना न बघता माहीत होते.

"नाव काय?" त्यांनी विचारले.

मीनाक्षी उंबऱ्यात येऊन थांबली.

"शांता," सुंदराबाई म्हणाल्या. घरात ते नाव वर्षभर कोणी मोठ्याने घेतले नव्हते. त्या अर्धे पाऊल पुढे आल्या. "भिवा आणि शांता. दोगांचा एकाच पाटावर."

खडू पाटावर टेकला. कोंडीराम सावकाश लिहीत होते. हात हलत होता, पण अक्षरे लागत होती.

"तात्या, अठरा तारीख," लवू म्हणाला. त्याच्या आवाजातला चढ गेला होता. "अकरा दिवसांत एकच मूर्ती होईल. दिवसांचा हिशोब तुम्हीच केलात."

"पाट आलो, लवू."

"मंडळाचं काम आधी आलंय. आश्विनात."

"मंडळाचो पाट खंय?" गंगुबाईने काठी जमिनीवर टेकवली. आतापर्यंत ती भाच्याच्या बाजूला उभी होती. आता भावजयीच्या बाजूला सरकली. "कागद आणलंस तू. कागदार काय गणपती बसता? माझ्या बापाशीच्या गणपतीच्या शाळेत कागद चललो नाय."

"आत्या, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, मेलेल्या माणसाचा चेहरा—"

"मघाशी पाट नव्हतो."

कमलाकांतने लवूच्या दंडाला हात लावला. "फोटो लावू," तो म्हणाला. "चौथऱ्यावर फोटो, मोठा करून. हार घालू. पुतळ्याचं काम चालू आहे असं सांगू." मग कोंडीरामांकडे वळून, "तात्या, पुढच्या पत्रकात मी त्याच्या नावापुढचं वाक्य काढतो. नुसतं नाव ठेवतो. एवढंच मला करता येईल."

कोंडीरामांनी मान हलवली. कमलाकांतने गार झालेला चहा उभ्याने प्यायला, कप ट्रेमध्ये ठेवला, बहिणीला "येतो" म्हणाला. लवू त्याच्याबरोबर निघाला. दारात तो थांबला, मीनाक्षीची वाट पाहिल्यासारखा. मीनाक्षी कप गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. लवू तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि मग मेव्हण्याच्या मागे गेला. चौकापर्यंत त्यांच्यात आठ-दहा पावलांचे अंतर होते आणि त्याने ते कमी केले नाही.

पाचच्या सुमारास गंगुबाईला झोप आली. मीनाक्षी तिला हात धरून वर घेऊन गेली.

कोंडीरामांनी तार ओढून काढली. दोन्ही बाजूंना पाणी शिंपडले, पातळ माती बोटाने चिरेत भरली आणि शांताच्या खांद्याला तळहाताने दाबून धरले. तिची पाठ पुन्हा देवाला टेकली. रेष मात्र दिसत होती. ती घासून घालवता आली असती. त्यांनी घालवली नाही. सुंदराबाई बघत होत्या. एकदा त्यांनी हात पुढे केला आणि भिवाच्या उचललेल्या पायाच्या अंगठ्याला लावला, मग पदराला पुसला.

"मधल्याक तोंड?" त्यांनी विचारले.

"सुचत नाय."

"तसाच रवांदे मगे."

बादलीत गोणपाट भिजत होते. कोंडीरामांनी एक टोक उचलले. ओले गोणपाट जड असते, एका माणसाला नीट पिळता येत नाही. सुंदराबाईंनी दुसरे टोक धरले. दोघांनी ते उलटसुलट पिळले आणि मूर्तीवर घातले, आधी भिवावर, मग शांतावर. आत आता काहीच दिसत नव्हते.

पाट भिंतीला उलटा टेकवलेला होता. खडूची दोन नावे वर होती आणि खाली एका ओळीची जागा. ती पाहून कोंडीरामांना आठवले की दुसरा प्रश्न राहिला. चाळीस वर्षे त्यांनी तो प्रत्येक पाटाला विचारला होता. त्यांनी खडू पुन्हा हातात घेतला.

"न्हेवक कोण येतलो?"

सुंदराबाई शेडच्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांनी खरोखरच विचार केला. शांताचा नवरा, लवू, मंडळ, सगळे एकेक करून मनातून काढून पाहिले.

"कोण येवचो नाय," त्या म्हणाल्या.

कोंडीरामांनी खडू फळीवर ठेवला. ती ओळ कोरी राहिली.